पेट्रोलची टाकी गळते आहे? आमच्याकडे आणण्याआधी हे वाचा

गाडी रात्रभर उभी राहते आणि सकाळी फरशीवर तळहाताएवढा डाग दिसतो, जिन्यापर्यंत पेट्रोलचा वास येतो. मग माणूस घाबरून टाकीच्या बुडाला मिळेल ती पुट्टी थापतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात, पुट्टीच्या कडेने पुन्हा ओल येते आणि मग टाकी आमच्याकडे येते. मधले ते पंधरा दिवस आणि एखादा अपघात टळावा म्हणून हे पत्रक. जावा, येझदी, राजदूत, बुलेट, आरएक्स 100, लुना, कुठल्याही दुचाकीची पत्र्याची टाकी असो, मजकूर सगळ्यांना लागू आहे.

आधी खात्री करा, गळतंय कुठून

टाकी उतरवायच्या आधी कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची चावी, बघा. कॉकचा वॉशर कडक झाला, आतलं रबर आक्रसलं किंवा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असला तरी खाली तसाच डाग पडतो, आणि ते काम तासाभरात, थोड्या पैशांत होतं. त्यासाठी आमच्याकडे यायचीही गरज नाही, तुमचा नेहमीचा मेकॅनिक करेल.

कॉक कोरडा असेल तर टाकीचं बूड फडक्याने पुसा आणि त्यावर चिमटीने कोरडी पांढरी रांगोळी भुरभुरवा. अर्ध्या तासाने बघा. जिथे रांगोळी आधी भिजून करडी पडेल, छिद्र तिथेच किंवा त्याच्या थोडं वर. थेंब जिथून पडतो तिथे छिद्र असेलच असं नाही. पेट्रोल जोडाच्या कडेने वीतभर सरकतं आणि सोयीच्या जागी टपकतं. चुकीच्या जागेवर डाख (सोल्डर) दिलेल्या टाक्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

वाटेत गळायला लागली तर धुण्याच्या साबणाची वडी छिद्रावर घासा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे घरी पोहोचण्यापुरती सोय होते. घरी पोहोचल्यावर मात्र गाडी मोकळ्या हवेत लावा, टाकी रिकामी करा आणि देवघर, गॅस किंवा पाण्याची मोटर आहे तिथे तिला नेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते.

छिद्र बाहेर दिसतं, आजार आत असतो

टाकीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा, कधी त्याहूनही कमी. बाहेरून रंग असतो, आतून बहुतेक वेळा काहीच नसतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे आत आलेला प्रत्येक थेंब तळाशी जातो. रिझर्व्हची नळी तळापासून थोडी वर उघडते, म्हणून तिच्याखालचं पाणी कधी बाहेर पडतच नाही. शिवाय आपली गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली. त्यामुळे टाकी आली की आमचा हात पहिल्यांदा डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, मागच्या जोडाकडे जातो. बहुतेक वेळा पत्रा तिथेच कुजलेला सापडतो.

पाणी येतं कुठून? झाकणाचं रबर गेलेलं असतं, गाडी धुताना झोत थेट झाकणावर मारला जातो, आणि अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचंही पाणी होतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांमध्ये तर झाकणाच्या हवेच्या छिद्रातून पाणी आणि गाळ दोन्ही गेले. बाहेरून धुऊनपुसून सुरू केलेल्या अशा गाड्यांच्या टाक्या दोन-तीन वर्षांनी गळतात आणि मालकाला पूर आठवतही नाही.

आता इथेनॉलचं. ग्राहक रोज विचारतात म्हणून स्पष्ट लिहितो. पंपावर आज मिळतं ते ई-20, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. त्यातलं बरंचसं आपल्याच भागातल्या उसाचं आहे आणि आम्हाला त्याबद्दल आकस नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी थोडं असेपर्यंत ते पेट्रोलमध्ये मिसळून राहतं, प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर तळाशी बसतो, नेमका त्याच कोपऱ्यात. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे भाग ई-20 सोसतील असे बनवलेले आहेत, तुमच्या वडिलांच्या राजदूतचे नाहीत. जावा, राजदूत, लुना यांच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेलं असायचं, त्याचा तेलकट थर आतल्या पत्र्याला थोडा जपायचा. पण गाडी चार-चार महिने हललीच नाही तर तोही पुरत नाही. रोज चालणाऱ्या गाडीला ई-20 चा हा त्रास फारसा होत नाही. जपून ठेवलेल्या गाडीला होतो.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक

हा भाग कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो. बारा लिटरच्या टाकीत तेवढी वाफ व्हायला अर्धा चमचा पेट्रोल पुरतं. तेवढं पेट्रोल जोडाच्या फटीत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली नेहमीच अडकलेलं असतं. दोन दिवस उन्हात उघडी ठेवली, आता वासही येत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे टाकी नेऊ नका. कुणी 'पाच मिनिटांत टाका मारून देतो' म्हणालं तर टाकी उचला आणि परत या. आमच्याकडे नाही आणलीत तरी चालेल, पण न धुतलेल्या टाकीला आग लावू देऊ नका.

आम्ही काय करतो

टाकी आधी गरम पाणी आणि साबणाने तीन-चार वेळा धुतो. मग गंज काढणं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. बहुतेक टाक्यांना पातळ केलेलं फॉस्फरिक अ‍ॅसिड वापरतो. पत्रा फार पातळ झाला असेल किंवा टाकी दुर्मिळ असेल तर साखर कारखान्यातल्या मळीचं पाणी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, टाकी काठोकाठ भरून दोन-तीन आठवडे ठेवायची. वर फेस येतो, वास येतो, पण गंज सुटून येतो आणि चांगल्या पत्र्याला फारसा धक्का लागत नाही. घाई असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

धुऊन झाल्यावर आतला पत्रा राखाडी, स्वच्छ दिसतो. त्यानंतरची दहा मिनिटं आमच्यापैकी कुणी फोनही उचलत नाही. ओला उघडा पत्रा डोळ्यांदेखत पिवळा पडायला लागतो, म्हणून गरम हवेचा झोत लावून तो तिथल्या तिथे कोरडा करावा लागतो.

मग छिद्र टोच्याने कोरून बघतो. मोहरीएवढं छिद्र कोरता कोरता हरभऱ्याएवढं होतं, कारण कडेचा पत्रा कागदासारखा झालेला असतो. समोर उभे असलेले ग्राहक हे पाहून दचकतात. दचकू नका. पक्का पत्रा लागेपर्यंत कोरलं नाही तर ठिगळ बसणार कशावर? पक्क्या कडेवर कल्हई करावी तसा डाखाचा पातळ थर देतो आणि त्यावर पितळी पत्र्याचं ठिगळ डाखाने बसवतो. अवजार जाड तांब्याचं, वेगळ्या खोलीत तापवलेलं. टाकीजवळ ज्योत नसते. डाख दोनशे अंशांच्या आत वितळतो, त्यामुळे शेजारचा रंग बऱ्याचदा वाचतो आणि जावाच्या क्रोमवर निळसर झाक येत नाही. जोडच उलगडला असेल तर मात्र ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने पितळ वितळवून जोडणं, करावं लागतं, तिथे उष्णता नऊशे अंशांच्या आसपास जाते. तेव्हा टाकीत नायट्रोजन सोडलेला असतो, आणि रंग जाणार हे आधी सांगून, तुमचा होकार घेऊनच ते काम करतो.

शेवटी दाबाची चाचणी: दोन पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) हवा, बाहेरून साबणाचं पाणी. तुम्ही आलात तर तुमच्यासमोर करतो. घरी कॉम्प्रेसर लावून हे करू नका. दोन पीएसआय ऐकायला किरकोळ वाटतं, पण टाकीच्या हातभर बाजूवर तोच दाब दीडशे किलोच्या वर भरतो. त्याहून थोडी जास्त हवा गेली की टाकी फुगते आणि पुन्हा चौकटीवर बसत नाही.

आतून इपॉक्सीचं अस्तर सगळ्यांनाच हवं असतं. आम्ही ते गरज असेल तिथेच देतो. गंजावर दिलेलं अस्तर पापुद्र्यासारखं सुटतं आणि कॉकच्या जाळीत जाऊन बसतं, तेव्हा गळणारी टाकी परवडली असं होतं. शिवाय अस्तर ई-20 ला टिकणारंच हवं. ते सुकायला पूर्ण आठवडा लागतो, लवकर मागू नका.

आणताना

टाकी रिकामी करून, झाकण आणि कॉक सोबत घेऊन या. एसटीने आणू नका, गाडीसकट टेम्पोत आणलेली उत्तम. याआधी कुणी काही लावलं असेल, पुट्टी, अस्तर, काहीही, तर सांगा. लपवलेलं अस्तर अ‍ॅसिडमध्ये फुगतं आणि काम दुप्पट होतं. कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि गळती बहुधा त्याच्या सीलमधून असते. त्या टाक्या आम्ही घेत नाही. बुडाचा पत्रा सगळीकडेच चाळणी झाला असेल तर तेही पहिल्या दिवशीच सांगू आणि फक्त धुण्याचे पैसे घेऊ.

डाखाच्या जोडाची हमी एक वर्ष. टाकी परत नेल्यावर पहिल्यांदा काठोकाठ भरा, रात्रभर खाली कोरा कागद ठेवा आणि शंभर किलोमीटरनंतर कॉकची जाळी काढून बघा. जाळीत तांबूस पूड दिसली तर फोन करा, पुन्हा धुण्याचे पैसे लागणार नाहीत.