लघुग्रहांची नावं : नियम कमी, भांडणं जास्त

ठाण्यात आणि नवी मुंबईत अधूनमधून एक बातमी वॉट्सअ‍ॅपवर फिरते. अमुक शाळेच्या नववीतल्या मुलांनी लघुग्रह शोधला, आता त्याचं नाव ठेवायचा मान त्यांचा. खाली अभिनंदनाचे अंगठे, आणि कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग शाळेचं नाव देणार की मुख्याध्यापकांचं?’ बातमी साफ खोटी नसते, अर्ध्यावर तोडलेली असते. शोध लागणं आणि नाव पडणं यांच्यामध्ये वर्षं जातात, आणि नावापुरती एक कडक नियमावली आहे. ती कुणी एका बैठकीत बसून लिहिलेली नाही. दोनशे वर्षांत कुणी राजाची मर्जी राखली, कुणी पैसे घेतले, कुणी घरच्या मांजराचं नाव दिलं. ओरड झाली की कलम वाढायचं.

नावावरून काय होऊ शकतं हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. २४ जून २०२१ रोजी भर करोनाकाळात हजारो भूमिपुत्र बेलापूरच्या सिडको भवनावर धडकले, ते नवी मुंबईच्या विमानतळाला भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून. सिडकोने तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा ठराव केला होता. लघुग्रहांच्या नियमात या दोन नावांचं काय झालं असतं, ते पुढे येईलच.

पहिला लघुग्रह सापडला १ जानेवारी १८०१ रोजी, सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात. जुझेप्पे पियाझ्झी या धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञाने त्याला ‘सेरेस फर्डिनांडिया’ असं जोडनाव दिलं. सेरेस ही रोमन लोकांची शेतीची देवी आणि सिसिलीची रक्षक, फर्डिनांड हा तिथला राजा आणि वेधशाळेचा आश्रयदाता. देवी सगळ्यांनी स्वीकारली, राजा बाहेरच्यांनी गाळून टाकला. त्याआधी वीस वर्षं हर्शेलने युरेनसला इंग्लंडच्या जॉर्ज राजाचं नाव द्यायचा प्रयत्न केला होता, तोही टिकला नव्हता. एका देशाचा राजा सगळ्या जगाने आकाशात का पाहावा, हा आक्षेप तेव्हापासूनचा.

पॅलस, जुनो, व्हेस्टा, सगळ्या देवीच. मग १८५० मध्ये जॉन हाइंडने लंडनहून सापडलेल्या बाराव्या लघुग्रहाला व्हिक्टोरिया म्हटलं. अमेरिकन मंडळी चिडली: हयात राणीचं नाव चालणार नाही. हाइंडचं उत्तर तयार होतं, ही रोमन विजयदेवता, राणीचा संबंध नाही. पटलं कुणाला असेल असं वाटत नाही, पण देवी खरोखर रोमन पुराणात असल्यामुळे कुणाला काही करता आलं नाही. अमेरिकेत काही काळ त्याला क्लायो म्हणत राहिले. पुढे ते नाव ८४ क्रमांकाच्या लघुग्रहाला मिळालं.

आडपडदा सुटला १८५७ मध्ये. हर्मन गोल्डश्मिट हा पेशाने चित्रकार. पॅरिसमध्ये एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि घराच्या खिडकीतून छोट्या दुर्बिणीने लघुग्रह शोधायचा. घोडबंदर रोडच्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून आज हा उद्योग करून पाहा. टॉवरच्या दिव्यांमध्ये शनी दिसला तरी पुष्कळ. तर या गोल्डश्मिटने ४५ क्रमांकाला युजेनिया हे नाव दिलं, तिसऱ्या नेपोलियनच्या राणीचं, पुराणाचा बुरखा न घेता. वर्षभराने त्यानेच शोधलेल्या ५४ क्रमांकाच्या लघुग्रहाला अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टचं नाव मिळालं. पण लघुग्रह म्हणजे बाईचंच नाव अशी तेव्हा रूढी होती, म्हणून हुम्बोल्टची झाली अलेक्झांड्रा. १८९८ मध्ये सापडलेला ४३३ क्रमांकाचा लघुग्रह पृथ्वीच्या फार जवळ येतो, कक्षा जगावेगळी, म्हणून त्याला पुरुषी नाव मिळालं, इरॉस. त्यानंतर वागायला विचित्र ते पुरुष आणि सरळमार्गी त्या बायका, असा संकेत बराच काळ चालला.

भारताचा भाग इथे येतो, आणि तो एरवी सांगितला जात नाही. नॉर्मन पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेत आला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्याला ६७ क्रमांकाचा लघुग्रह सापडला. आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच, म्हणून नाव एशिया. मग मद्रासमधूनच सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा. यातल्या सिल्व्हियाला दोन चंद्र आहेत हे एकविसाव्या शतकात कळलं. पॉगसनने आधी ऑक्सफर्डहून शोधलेल्या ४२ क्रमांकाचं नाव आहे आयसिस. इजिप्तची देवी खरी, पण त्याच्या मुलीचंही नाव आयसिसच होतं, आणि पुढे ती मद्रास वेधशाळेत वडिलांच्या हाताखाली काम करत होती. त्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी हे मदतनीस होते. एका रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्याचा शोध त्यांनी १८६७ मध्ये लावला, वेध घेण्यात पॉगसनला त्यांचा मोठा आधार होता. पण पॉगसनच्या त्या काळच्या नावांत त्यांचं नाव कुठेही नाही. नाव ठेवण्याचा हक्क शोधकर्त्याचा, आणि शोधकर्ता म्हणजे साहेब.

मद्रासनंतर भारतातून पुढचा लघुग्रह सापडायला शंभराहून जास्त वर्षं लागली. १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तमिळनाडूतल्या कावलूरहून आर. राजमोहन यांनी तो शोधला. आज तो ४१३० रामानुजन.

पैशांचं प्रकरण व्हिएन्नाचं. योहान पालिसा हा डोळा दुर्बिणीला लावून १२२ लघुग्रह शोधणारा माणूस, फोटोग्राफीविना. त्याला १८८६ च्या खग्रास सूर्यग्रहणाला जायचं होतं आणि खिशात पैसे नव्हते. त्याने सरळ जाहिरात दिली: पन्नास पौंड द्या, लघुग्रहाचं नाव तुम्ही ठरवा. बँकर अल्बर्ट रॉथशिल्डने पत्नीचं नाव घेतलं, २५० बेटिना. पालिसाच्याच २४४ क्रमांकाचं नाव आहे सीता. व्हिएन्नात सापडलेल्या दगडाला आपली सीता! पुढे पालिसाने १९११ मध्ये शोधलेल्या ७१९ क्रमांकाला रॉथशिल्डचंच नाव दिलं, अल्बर्ट. तो लगेच हरवला आणि थेट २००० मध्ये सापडला. आज विक्री पूर्ण बंद आहे, कंपनीचं किंवा मालाचं नावही चालत नाही. वाढदिवसाला ताऱ्याचं सर्टिफिकेट विकणाऱ्या साइट आहेत त्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. फ्रेम छान असते, एवढंच.

देणगी आणि विक्री यांतली रेघ मात्र तेव्हाही पुसटच होती. हायडेलबर्गच्या माक्स वोल्फने १८९१ मध्ये फोटोच्या काचेवर पहिला लघुग्रह पकडला आणि त्याला ब्रुशिया म्हटलं, कारण कॅथरिन ब्रूस या अमेरिकन बाईंनी दुर्बिणीसाठी दहा हजार डॉलर दिले होते. फोटोमुळे शोधांचा पूर आला आणि देवी संपल्या. मग ज्याला जे सुचेल ते. वोल्फच्या पेट्रिना आणि सेपिना या दोन लघुग्रहांची नावं त्याच्या दोन कुत्र्यांवरून आली आहेत.

यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा कार्ल राइनमुथचा. बर्लिनचे गुस्ताव श्ट्राके आयुष्यभर लघुग्रहांच्या कक्षा मोजत बसले, पण माझं नाव कुठल्याही लघुग्रहाला देऊ नका असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. राइनमुथने मान राखला. त्याने १२२७ पासून १२३४ पर्यंतच्या लघुग्रहांना झाडाफुलांची नावं दिली: जेरेनियम, स्केबिओसा, टिलिया, राइसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. रोमन लिपीतली पहिली अक्षरं ओळीने वाचा, जी, एस, टी, आर, ए, सी, के, ई. गुस्ताव श्ट्राके आठ दगडांवर विराजमान.

राजकारण मात्र विनोदावारी गेलं नाही. ८५२ व्लादिलेना हे लेनिनचं नाव. ९३२ हूवेरिया हे हर्बर्ट हूवर यांचं, ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्याआधीचं. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी ऑस्ट्रियाला त्यांनी अन्न पुरवलं म्हणून पालिसाने ठेवलेलं. एकाचा तारणहार तो दुसऱ्याचा शत्रू, त्यामुळे हे फार काळ चालणं शक्य नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने अमेरिकेत सिनसिनाटीला लघुग्रह केंद्र काढलं. ते १९७८ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आहे. नावं ठरवणारी समिती खगोलशास्त्रीय संघाचीच. प्रामुख्याने राजकारण किंवा युद्ध यांमुळे ओळखली जाणारी व्यक्ती असेल, तर मृत्यूला शंभर वर्षं व्हावी लागतात, हे कलम आता पक्कं आहे.

आता सिडको भवनावर परत या. बाळासाहेब २०१२ मध्ये गेले, दि. बा. २०१३ मध्ये. लघुग्रहाचा प्रश्न असता तर दोन्ही फाइली पुढच्या शतकापर्यंत कपाटात गेल्या असत्या आणि मोर्चाचं कारणच उरलं नसतं. लोकमान्य टिळकांची शंभरी मात्र २०२० मध्ये भरली. वेदांचा काळ नक्षत्रांच्या जागेवरून ठरवू पाहणाऱ्या माणसाचं नाव आकाशात शोभलंही असतं.

प्राण्यांचं दार बंद केलं एका मांजराने. जेम्स गिब्सनने १९७१ मध्ये शोधलेल्या २३०९ क्रमांकाला मिस्टर स्पॉक हे नाव दिलं. ‘स्टार ट्रेक’मधल्या पात्राचं नव्हे, त्या पात्रावरून नाव ठेवलेल्या आपल्या बोक्याचं. १९८५ मध्ये ते छापून आलं आणि गंभीर मंडळींनी कपाळावर हात मारला. तेव्हापासून पाळीव प्राण्यांची नावं नकोत, असं खगोलशास्त्रीय संघाचं सांगणं आहे.

बाकीचे नियम झटपट. नाव शक्यतो एका शब्दाचं, उच्चारता येईल असं, कुणाला न दुखवणारं आणि आधीच्या नावाशी गोंधळ न होणारं हवं. रोमन लिपीत, मोकळी जागा धरून, जास्तीत जास्त सोळा अक्षरं. संत ज्ञानेश्वर हे नाव नेहमीच्या स्पेलिंगने लिहिलं तर बरोबर सोळा भरतं. ‘महाराज’ जोडायला जागा नाही. २०१९ मध्ये ३००१२८ क्रमांकाच्या लघुग्रहाला पंडित जसराज यांचं नाव मिळालं तेही एकसंध, पंडितजसराज. त्यांचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. क्रमांक दोन-दोन आकड्यांनी उलटा वाचला की तीच तारीख येते. बुद्धिबळातल्या विश्वनाथन आनंदचा ४५३८ आहे विशीआनंद, आणि कल्पना चावलाचा ५१८२६, कोलंबिया यानातल्या तिच्या सहाही सहकाऱ्यांच्या लघुग्रहांच्या रांगेत.

आकाशातल्या काही वस्त्यांना स्वतःचे नियम आहेत. गुरूच्या कक्षेत पुढे-मागे चालणारे दोन कळप ट्रॉयच्या युद्धावरून ओळखले जातात, एकात ग्रीक वीर, दुसऱ्यात ट्रोजन. नियम ठरायच्या आधी नावं पडलेले पॅट्रोक्लस आणि हेक्टर मात्र शत्रूच्या छावणीत अडकले, ते आजतागायत. नेपच्यूनच्या पलीकडे सृष्टीच्या उत्पत्तीशी नातं सांगणाऱ्या देवदेवता. तिथे २००० मध्ये सापडलेल्या एका पिंडाला वीस हजार हा गोल क्रमांक आणि आपला वैदिक वरुण मिळाला. पृथ्वीजवळून जाणाऱ्यांना सहसा पुराणातली नावं द्यायची. १३ एप्रिल २०२९ रोजी जमिनीपासून सुमारे बत्तीस हजार किलोमीटरवरून जाणारा अपोफिस हे इजिप्तमधल्या अंधाराच्या सर्पाचं नाव. तो आदळणार नाही, पण तेव्हा टीव्हीवाले या नावाचं काय करतील ते आत्ताच दिसतं आहे.

नाव पडेपर्यंत लघुग्रहाला एक तात्पुरती खूण असते. २०२५ च्या सुरुवातीला ज्याने सगळ्यांना घोर लावला तो २०२४ वायआर ४ घ्या. २०२४ हे वर्ष. वर्षाचे चोवीस पंधरवडे, प्रत्येकाला एक रोमन अक्षर, आयचा एकाशी घोळ होतो म्हणून तो वगळलेला. वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. आर हे आय सोडून सतरावं अक्षर, आणि शेवटचा चार म्हणजे पंचवीस अक्षरांच्या चार फेऱ्या आधीच संपल्या. चार गुणिले पंचवीस अधिक सतरा: त्या पंधरवड्यातला एकशे सतरावा.

कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो. असे क्रमांक आठ लाखांच्या पुढे गेलेत, नावं मात्र पंचवीस हजारांच्या आसपास. बाकीच्यांचा संसार नवी मुंबईतल्या पत्त्यासारखा, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, आणि त्यावर कुणाचं काही अडत नाही.

आता ती शाळकरी मुलं. २००६ पासून टेक्सासमधून चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मोहिमेत त्यांना हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने टिपलेली चित्रं मिळतात, एकाच जागेची, थोड्या थोड्या वेळाने घेतलेली, साधारण चार. लॅपटॉपवर ती एकामागून एक लुकलुकवायची. तारे जागेवर राहतात. एखादा करडा ठिपका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकतो का ते पाहायचं. बहुतेक वेळा तो कॅमेऱ्याचा दोष तरी निघतो, नाही तर आधीच माहीत असलेला लघुग्रह. नवा निघाला तर अहवाल लघुग्रह केंद्राकडे जातो, आणि वॉट्सअ‍ॅपवरची बातमी इथे संपते.

पुढे तो ठिपका पुन्हा सापडावा लागतो. सूर्याच्या विरुद्ध बाजूला तो येतो तेव्हा नीट दिसतो, आणि अशा साधारण चार प्रतियुतींमधले वेध जुळले की क्रमांक. त्याला पाच-सहा वर्षं सहज जातात, कधी जास्त. नववीतली मुलगी तोवर कॉलेजातून बाहेर पडलेली असते. क्रमांक पडल्यापासून दहा वर्षं नाव सुचवायचा हक्क अधिकृत शोधकर्त्याचा. नावाबरोबर ते का, हे थोडक्यात लिहून द्यावं लागतं, समिती त्यावर मत देते, आणि मंजूर झालं तर २०२१ पासून निघणाऱ्या समितीच्या पत्रिकेत छापून येतं. मुख्याध्यापकांचं नाव चालेल का, याचं उत्तर हो, चालू शकेल. फक्त ते आधी नगरसेवक म्हणून जास्त प्रसिद्ध झालेले नसावेत.