न्यायाधीशांच्या पगाराची मर्यादा (बेळगाव सीमाभाग)

तालुका आणि जिल्हा न्यायालयांतील न्यायाधीशांना पगार किती द्यायचा, तो कुठून सुरू व्हावा आणि कुठे थांबावा, हे ठरवणारी व्यवस्था. खानापूर, निपाणी, चिकोडीच्या कोर्टात तारखेला जाणाऱ्या पक्षकाराला ‘जज्जसाहेबांचा पगार सरकार देतं’ एवढे ठाऊक असते. ते अर्धेच खरे आहे. पैसा कर्नाटकच्या तिजोरीतून जातो. आकडा मात्र बेंगळुरूत ठरत नाही.

अमेरिकेतील काही राज्यांत स्थानिक न्यायाधीशांच्या पगाराचा कमाल आकडा विधिमंडळ थेट कायद्यात लिहिते. भारतात पगाराचा आकडा सांगणारे कायदे वरच्या न्यायालयांपुरते आहेत : उच्च न्यायालयांसाठी १९५४ चा, सर्वोच्च न्यायालयासाठी १९५८ चा. राज्यघटनेच्या कलम १२५ व २२१ प्रमाणे या न्यायाधीशांचे भत्ते, रजा व निवृत्तिवेतनाचे हक्क नेमणुकीनंतर त्यांना तोट्याचे होतील असे बदलता येत नाहीत. तालुक्याच्या न्यायाधीशाला हे कवच नाही. त्याच्या सेवाशर्ती कलम ३०९ खालच्या नियमांनी चालतात. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार राज्याच्या संचित निधीवर ‘भारित’ असतो, त्यावर सभागृहात मतदान होत नाही. खालच्या न्यायाधीशांचा पगार मात्र इतर खात्यांसारखा मागण्यांमधून, म्हणजे सभागृहापुढे मतासाठी ठेवलेल्या खर्चाच्या प्रस्तावांतून, मंजूर होतो. बेळगावला हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा पुरवणी मागण्याही तिथे येतात. शहरात त्या दिवसांत चर्चा महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याची आणि बंदोबस्ताची. मागण्यांची पुस्तिका कोण उघडतो!

न्यायालयांची रचना सांगणाऱ्या कायद्यांना मर्यादेचे वावडे नाही, पण ती मर्यादा दाव्याच्या रकमेची. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने दुसऱ्या वर्गाच्या सबजज्जापुढे ५,००० रुपयांपर्यंतचेच दावे चालत. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, अपिले मुंबईऐवजी बेंगळुरूला जाऊ लागली, आणि १९६४ च्या दिवाणी न्यायालय कायद्याने इथली नवी घडी बसवली. त्यातही कोणते न्यायालय किती रकमेचा दावा ऐकेल हे आहे, न्यायाधीशाची वेतनश्रेणी नाही. जुन्या पिढीच्या तोंडी असलेले ‘मुन्सफ कोर्ट’ त्याच काळातले. पुढे मुन्सफाचा ‘कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश’ झाला.

पगाराचा प्रश्न सुटला तो अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या याचिकेमुळे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये देशभर सारखी पदनामे ठेवा असे सांगितले, आणि १९९३ च्या निकालात राज्यांना ठणकावले की न्यायाधीश हा सरकारी नोकर नव्हे, तेव्हा त्याच्या पगाराची तुलना कलेक्टर कचेरीतल्या अधिकाऱ्यांशी लावू नका. मग १९९६ मध्ये पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष न्या. के. जगन्नाथ शेट्टी हे कर्नाटकचेच. १९९९ च्या त्यांच्या अहवालावर २००२ मध्ये निकाल झाला आणि कनिष्ठ स्तराची श्रेणी दरमहा ९,०००–१४,५५० रुपये ठरली. सध्याची श्रेणी न्या. पी. व्यंकटराम रेड्डी यांच्या दुसऱ्या आयोगाची. तिला न्यायालयाने २७ जुलै २०२२ ला मान्यता दिली आणि ती १ जानेवारी २०१६ पासून मागे जाऊन लागू केली. साडेसहा वर्षांची थकबाकी राज्यांनी हप्त्यांनी द्यायची होती. फेरविचाराची मागणीही न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली.

आता दरमहा मूळ वेतनाचे आकडे, रुपयांत. कनिष्ठ स्तर ७७,८४० पासून १,३६,५२० पर्यंत. वरिष्ठ स्तर १,११,००० ते १,६३,०३०. जिल्हा न्यायाधीश १,४४,८४० पासून, आणि त्यांच्यातली सर्वांत वरची श्रेणी २,२४,१०० ला थांबते. दरसाल वाढ तीन टक्के, म्हणजे निपाणीत नव्याने रुजू झालेल्या न्यायाधीशाला पहिल्या वर्षाअखेर २,३०० रुपयांच्या आसपास. माथ्याचा आकडा २,२४,१०० च का? कारण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा पगार संसदेने २०१८ च्या दुरुस्तीने २,२५,००० केला आहे, आणि जिल्ह्याच्या न्यायाधीशाने ती रेघ ओलांडायची नाही. अंतर उरले नऊशे रुपयांचे. शेट्टी आयोगाच्या वेळीही हीच पद्धत होती : उच्च न्यायालय २६,०००, जिल्ह्याचे टोक २४,८५०. म्हणजे बेळगावच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशाच्या पगारावरची खरी कायदेशीर मर्यादा दुसऱ्याच न्यायालयासाठी केलेल्या कायद्यात सापडते. ती रेघ दिल्लीत वर सरकल्याशिवाय इथला माथा हलत नाही.

सीमाभागात याचा एक मजेशीर परिणाम दिसतो. पूर्वी प्रत्येक राज्याची श्रेणी वेगळी असे. आता निपाणीच्या आणि पलीकडे कागलच्या समान श्रेणीतल्या न्यायाधीशांची मूळ वेतनश्रेणी तंतोतंत एक आहे. निपाणीचे अपील पुढे धारवाडच्या पीठाकडे जाते (फिरते पीठ २००८, कायम २०१३), कागलचे महाराष्ट्राच्या उच्च न्यायालयाकडे. निपाणीत कामकाज कन्नडमध्ये, कागलला मराठीत. निपाणीच्या पक्षकाराला मराठी खरेदीखताचे भाषांतर करून जोडावे लागते, पण न्यायाधीशाच्या वेतनाला सीमा नाही. महाराष्ट्राचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातच पडून आहे, आणि दोन्ही राज्यांच्या न्यायाधीशांना एका पट्टीत बसवले तेही त्याच न्यायालयाने.

स्थानिक न्यायाधीशाच्या पगाराबद्दल बोलणारा एक केंद्रीय कायदा म्हणजे ग्राम न्यायालय कायदा, २००८. गावोगाव फिरून खटले चालवणाऱ्या न्यायाधिकाऱ्याचे वेतन त्याच्या कलम ७ मध्ये येते. तिथेही आकडा नाही : प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला जे लागू असेल तेच त्याला.