व्हेन्वचं फोल्डर पेनड्राइव्हवर नेऊन भागत नाही

सांगलीत विश्रामबागला प्रोजेक्टवाली पोरं व्हेन्वबद्दल, म्हणजे पायथनमध्ये एकेका प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवणाऱ्या फोल्डरबद्दल, एक गोष्ट छातीठोक सांगतात: "व्हेन्व म्हणजे अख्खं पायथनच. फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचं, दुसऱ्या मशीनवर टाकायचं, चालतंय की!" नाही चालत.

२०१२ साली पायथन ३.३ सोबत आलेल्या व्हेन्वमध्ये स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे पायथनसोबतच येणारा तयार कोड, नसतेच. फोल्डरमधली पायव्हेन्व डॉट सीएफजी ही फाइल उघडा. पहिल्याच ओळीत 'होम' आणि पुढं मूळ पायथनचा पत्ता. लिनक्सवर तर आतलं पायथन ही नुसती सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडं बोट दाखवणारा दुवा. बिन फोल्डरमधल्या पिपची (पॅकेजेस बसवणाऱ्या कमांडची) पहिली ओळ बघा, तिथं या फोल्डरचा पूर्ण पाथ लिहून ठेवलेला असतो. बिऱ्हाड मिरजेला हलवलं तरी पत्रं सांगलीच्या जुन्या घरी जात राहावीत, तसला प्रकार. त्याच मशीनवर फोल्डरचं नुसतं नाव बदला, आतली पिप कमांड फाइल सापडत नाही म्हणून हात वर करते.

न्यायची असते ती पॅकेजेसची यादी. 'पिप फ्रीझ'चं आउटपुट रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटीमध्ये घ्या. नव्या मशीनवर 'पायथन३ -एम व्हेन्व'नं नवं एन्व्हायर्नमेंट करा, मग त्यातल्या पिपनं 'पिप इन्स्टॉल -आर' आणि फाइलचं नाव.

(व्हेन्व ॲक्टिव्हेट केल्याशिवाय चालत नाही, हीसुद्धा थापच. ॲक्टिव्हेट मुख्यतः बिन फोल्डर 'पाथ'च्या, म्हणजे कमांड जिथं शोधायची त्या फोल्डरांच्या यादीच्या, सुरुवातीला जोडतं. बिनमधलं पायथन थेट चालवलं तरी पॅकेजेस तिथलीच मिळतात. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीत, मी तसंच लिहितो.)