ख्रिस्ती कुटुंबविचार

विवाह, आईवडील आणि मुले यांच्या नात्यांविषयी ख्रिस्ती धर्मात जी शिकवण आहे, तिला ख्रिस्ती कुटुंबविचार म्हणता येईल. कुटुंबाचा एकच ठरीव साचा बायबलमध्ये सापडत नाही. याकोबाच्या घरात दोन बायका, दोन दासी आणि बारा मुलगे आहेत. नामी आणि तिची विधवा सून रूथ या दोघींचाच संसार आहे. मार्था, मरिया आणि लाजर ही तीन भावंडे आहेत. एका स्त्रीचा व एका पुरुषाचा आजन्म विवाह हा ख्रिस्ती परंपरेचा पाया मात्र मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांतील येशूच्या घटस्फोटाविषयीच्या उत्तरावर उभा आहे.

आईवडिलांचा मान राखणे ही दहा आज्ञांपैकी एक. कॅथलिक व लुथरन परंपरेत ती चौथी, तर ऑर्थोडॉक्स व बहुतेक इतर प्रोटेस्टंट पंथांत पाचवी मोजली जाते. ही आज्ञा लहान मुलांसाठी आहे असा सर्वसाधारण समज असतो, पण येशूने तिचा दाखला दिला तो मोठ्या माणसांसमोर. आईवडिलांच्या उपयोगी पडेल असे धन ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करायचे आणि त्यांना पोसण्यातून मोकळे व्हायचे, या पळवाटेवर त्याने कडक शब्दांत टीका केली (मार्क ७). म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळण्याचे कर्तव्य देवाच्या नावानेही टाळता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

पालकांच्या कर्तव्याचा मुख्य आधार म्हणजे बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय. मुलांनी आज्ञा पाळावी, हे सांगून पत्र थांबत नाही. पुढच्याच श्वासात बापांना बजावते की मुलांना चिरडीस आणू नका. नव्या करारातलेच कलस्सैकरांस पत्र कारणही देते : मुले हिरमुसतील. रोमन कायद्यात बापाची सत्ता मुलांच्या जीवावरही चाले आणि नको असलेले तान्हे मूल उघड्यावर टाकून देणे नवलाचे नव्हते. त्या काळात बापाच्या वागण्याला अशी मर्यादा घालणे ही लहान गोष्ट नव्हती. बायबलमधील नीतिसूत्रे या ग्रंथातले, मुलाला छडीने शिस्त लावावी असे वचन पुढे करून मारहाणीचे समर्थन करणाऱ्यांनी बापांना दिलेली ही ताकीद सोयीस्करपणे मागे ठेवलेली दिसते.

पतिपत्नींच्या भूमिकांवर आजही एकमत नाही. पत्नीने पतीच्या अधीन राहावे, हे इफिसकरांस पत्रातीलच वचन काही पंथ प्रमाण मानतात. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट संघाने १९९८ मध्ये ते आपल्या श्रद्धापत्रात घातले. समानतावादी ख्रिस्ती त्याच्या आधीचे, एकमेकांच्या अधीन राहा असे सांगणारे वचन दाखवतात. कॅथलिक चर्च घटस्फोट मान्य करत नाही. ऑर्थोडॉक्स चर्च काही परिस्थितीत पुनर्विवाहाला मुभा देते. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९३० मध्ये संततिनियमनाला मर्यादित मान्यता दिली, तर पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये कृत्रिम साधने नाकारली. समलिंगी विवाह स्वीडनच्या चर्चने २००९ पासून स्वीकारला आहे. बहुसंख्य चर्च तो अमान्य करतात.

घर हेच लहानसे चर्च, ही कल्पना चौथ्या शतकात संत जॉन क्रिसोस्टम यांनी मांडली आणि कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये तिला नवा उजाळा दिला. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५२९ चे आपले छोटे प्रश्नोत्तर-पुस्तक कुटुंबप्रमुखाच्या हाती दिले : धर्मशिक्षण घरातूनच सुरू व्हावे, हा त्यामागचा हेतू.

तरीही कुटुंब हे ख्रिस्ती दृष्टीने सर्वोच्च मूल्य नाही. आई व भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप येताच, देवाच्या इच्छेप्रमाणे चालणारा तोच माझा भाऊ, बहीण व आई, असे येशू म्हणाला. अविवाहित व्रतस्थ जीवनाला चर्चमध्ये मान मिळाला, त्याला अशा वचनांचा आधार आहे. मात्र वधस्तंभावरून त्याच येशूने आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवले, आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवले, असे योहान लिहितो. अनेक चर्चमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याला आईवडिलांच्या शेजारी धर्मपिता व धर्ममाता उभे राहतात आणि रक्ताचे नाते नसतानाही त्या मुलाला श्रद्धेत वाढवण्याचे वचन देतात.