'लॉक्सली हॉल'मधला मराठ्यांचा उल्लेख

इंग्रज कवी टेनिसनच्या 'लॉक्सली हॉल' या कवितेचा नायक प्रेयसी ॲमीने दुसऱ्याशी लग्न केलं म्हणून जगावर चिडलेला आहे. १८४२ साली छापून आलेली ही कविता दीर्घकाळ वाचली गेली ती प्रेमभंगाची आणि प्रगतीच्या स्वप्नांची कविता म्हणून. हा नायक पोरका कसा झाला, ते त्यात एका ओळीत उरकलं आहे: बाप पूर्वेत, मराठ्यांशी लढताना पडला. लढाई असईची की खडकीची, कवी सांगत नाही. १८०३ आणि १८१७-१८ ची युद्धं इंग्रज वाचकाच्या आठवणीत होतीच.

पुढे हाच नायक पूर्वेतल्या एखाद्या बेटावर पळून जाऊन तिथल्या 'रानटी' बाईशी संसार मांडायचं स्वप्न बघतो आणि लगेच ते झिडकारतो. युरोपातली पन्नास वर्षं त्याला चीनमधल्या अख्ख्या युगाहून मोलाची वाटतात. कविता छापून आली त्याच वर्षी नानकिंगच्या तहाने चीनला हाँगकाँग ब्रिटिशांना द्यावं लागलं. (कविता तहाच्या आधीची, तेव्हा थेट नातं जोडायची घाई नको.)

अशा ओळींपाशी थांबणारं वाचन पुष्कळ उशिरा आलं. पाश्चात्त्यांनी पूर्वेचं चित्र कसं रंगवलं यावरचं समीक्षक एडवर्ड सैद यांचं 'ओरिएंटॅलिझम' १९७८ चं, पण साम्राज्य आणि साहित्य यांवरच्या त्यांच्या १९९३ च्या पुस्तकातही भर कादंबरीवरच आहे. कवितेला, त्यातून भावकवितेला, राजकारण चिकटत नाही असं मानलं जाई. मला हे कधीच पटलं नाही. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या माहेरचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा, गुलामांच्या घामाचा. आणि पळून आलेल्या गुलाम स्त्रीच्या तोंडची कविता बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधकांसाठी लिहिली तीही तिनेच. टेनिसन तर १८५० पासून राजकवी. १८५७ च्या उठावातल्या लखनौच्या वेढ्यावरच्या, १८७९ च्या कवितेत तो इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या हिंदी शिपायांना शाबासकी देतो; वेढा घालणारे का उठले, याची चौकशी करत नाही.

या कविता आपल्याकडे पोचल्या त्या अभ्यासक्रमातून. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्य स्वतंत्र विषय होण्याआधीच ते हिंदुस्थानात शिकवलं जात होतं. त्यामागचं राज्यकर्त्यांचं गणित अभ्यासक गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये उलगडलं. वाचणाऱ्यांतून लिहिणारेही निघाले. कलकत्त्याच्या तोरू दत्तने त्याच इंग्रजीत, बॅलडच्या, म्हणजे कथागीताच्या घाटात, सावित्री आणि ध्रुव आणले. ती एकविसाव्या वर्षी, १८७७ मध्ये गेली. पुस्तक निघालं १८८२ ला, तेही लंडनहून.