टाकणखाराची दरी : डेथ व्हॅलीचे भूरूप आणि तिथल्या सोडून दिलेल्या खाणी

जळगावच्या सराफ बाजारात दागिन्याचे दोन भाग जोडताना कारागीर सांध्यावर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स हा बोरॉन या मूलद्रव्याचा क्षार, लावतो आणि मग त्यावर ज्योत धरतो. टाकणखार आधी पाणी सोडून फुगतो आणि सुमारे ७४० अंश सेल्सिअसला वितळून सांध्यावर पसरतो. सोन्यात मिसळलेल्या तांब्याचा तापल्यावर जो ऑक्साइड तयार होतो, तो हा वितळलेला क्षार स्वतःत विरघळवून घेतो, शिवाय हवेला आत शिरू देत नाही, आणि म्हणून जोड पक्का बसतो. सोन्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराभोवतीच्या काळ्या पाषाणात ना सोने सापडते ना टाकणखार. पूर्वी भारतात तो तिबेट आणि लडाखच्या बाजूने येत असे. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या शोधात माणसे अशा एका दरीत उतरली, जिची गणना आज पृथ्वीवरील सर्वांत तप्त ठिकाणांत होते. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवरील डेथ व्हॅली ती हीच. १९३३ मध्ये तिला संरक्षित राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. या उद्यानाचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्यापेक्षाही मोठे आहे.

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की आपल्याकडे बातमी होते. डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. ही नोंद जागतिक उच्चांक म्हणून मान्य असली, तरी काही हवामानशास्त्रज्ञांना तिच्याविषयी शंका आहे. आकडा थोडा कमी धरला तरी उष्णतेमागचे कारण बदलत नाही. दरीचा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे. बॅडवॉटर येथे तो ८६ मीटर खाली जातो. त्याच्या पश्चिमेला पॅनामिंट रांगेतील टेलिस्कोप शिखर ३,३६८ मीटर उंच उभे आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग सिएरा नेवाडासह एकामागून एक डोंगररांगा ओलांडताना पाणी टाकून देतात, आणि दरीपर्यंत येते ती जवळजवळ कोरडी हवा. ही हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. निरभ्र आकाश आणि उघडा खडक यांमुळे जमीनही तापते. तिच्यावरून वर गेलेली हवा दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींत अडकते आणि पुन्हा खाली येते. वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ५० मिलिमीटर आहे. जळगावात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही आपण स्वतःला अवर्षणग्रस्त म्हणतो, तेव्हा या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एवढ्या कमी पावसाच्या प्रदेशाची घडण पाण्यानेच केली, हे प्रथम पटत नाही. अमेरिकेच्या या भागात भूकवच पूर्व-पश्चिम ताणले जात आहे. ताणाने त्याचे तुकडे पडतात, काही वर राहतात, काही खचतात. डेथ व्हॅली हा खचलेला तुकडा. तिचा तळ सपाट दिसतो, पण त्याच्याखाली वाळू, गाळ आणि क्षार यांचा भराव काही ठिकाणी अडीच किलोमीटरहून जाड आहे. म्हणजे दरी जसजशी खचत गेली तसतसे डोंगर झिजून ती भरत गेली, आणि खचण्याचा वेग भरण्यापेक्षा थोडा अधिक राहिला. झीज झाली ती क्वचित येणाऱ्या पण जोरदार लोंढ्यांनी. अरुंद घळीतून गोटे-वाळू घेऊन सुटलेला लोंढा मोकळ्या मैदानावर येताच पसरतो, त्याचा जोर संपतो आणि सगळे ओझे तो घळीच्या तोंडाशी टाकतो. असे शतकानुशतके झाले की पंख्याच्या आकाराचा उतार तयार होतो, आणि शेजारशेजारचे पंखे जुळले की पायथ्याशी गोट्यामातीचा सलग पट्टा होतो.

हा पट्टा खान्देशाला नवा नाही. चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी असाच पट्टा आहे आणि भूजलाचा अभ्यास करणारे त्याला बझाडा म्हणतात. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांचे पाणी या भुसभुशीत गोट्यांत मुरते. त्या मुरलेल्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या राहिल्या आणि त्याच बागांच्या उपशाने विहिरींची पातळीही खोल गेली. डेथ व्हॅलीच्या पश्चिमेकडील पंखे असेच मोठे आणि एकमेकांत मिसळलेले आहेत, तर पूर्वेकडील आखूड. दरीचा तळ पूर्वेकडे कलत खचतो आहे, त्यामुळे त्या बाजूचे पंखे वाढण्याआधीच बुडतात. पंख्यांची ही विषमता पाहून भूगर्भाची हालचाल ओळखता येते, आणि माझ्या मते या उद्यानात पाहण्यासारखी याहून चांगली गोष्ट नाही, जरी पर्यटकांची गर्दी आर्टिस्ट्स पॅलेटच्या रंगीत टेकड्यांपाशीच होते.

आपल्या आणि त्या दरीत खरा फरक पुढे आहे. तापीचे खोरेही भ्रंशांनी, म्हणजे भूकवचाच्या सरकलेल्या भेगांनी, खचलेले मानले जाते, पण तापी चांगदेवला पूर्णेला घेऊन सुरतेकडे जाते आणि डोंगरातून सुटलेले क्षार समुद्रात नेऊन टाकते. डेथ व्हॅलीत येणाऱ्या अमार्गोसा नदीला समुद्राकडे जायला वाट नाही. जे पाणी दरीत येते त्याची वाफ होते, आणि त्याने आणलेले मीठ तिथेच राहते. हिमयुगात हवा थंड आणि ओली असताना येथे सुमारे १८० मीटर खोल सरोवर होते. भूशास्त्रज्ञ त्याला मॅन्ली सरोवर म्हणतात. ते आटले आणि त्यानंतरही खारे पाणी येऊन आटत राहिले. आज त्या जागी शेकडो चौरस किलोमीटर मिठाचे पठार आहे. सुकताना मीठ आकसते, तडकते, तडांतून खालचे खारे पाणी वर येऊन स्फटिक वाढतात आणि बहुकोनी उंचवट्यांची जाळी उमटते. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या उरलेल्या पावसाने फर्नेस क्रीकला एका दिवसात सुमारे ५६ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे वर्षभराच्या सरासरीहून अधिक. बॅडवॉटरला जे उथळ तळे साचले ते नंतर कित्येक महिने टिकले. पाण्याचा आणखी एक खेळ रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्यावर चालतो. तिथे मोठमोठे धोंडे आपल्यामागे लांब चर सोडून सरकलेले दिसत आणि त्यांना कोण ढकलते हे कोडे होते. २०१३ च्या डिसेंबरात संशोधकांनी ते प्रत्यक्ष सरकताना पाहिले. तळ्यात साचलेल्या पाण्यावर रात्री काही मिलिमीटर जाडीचा बर्फ धरतो, सकाळी तो फुटून मोठ्या तुकड्यांत वाहू लागतो आणि मंद वाऱ्यानेही धोंड्यांना चिखलावरून पुढे लोटतो.

टाकणखारही या बंद दरीचीच निर्मिती. ज्वालामुखीची राख आणि उष्ण झरे यांतील बोरॉन लाखो वर्षांपूर्वी इथल्या जुन्या सरोवरांत उतरला आणि त्याचे थर बसले. पुढे हे थर वर उचलले गेले, झिजले, पावसात विरघळले आणि पुन्हा दरीच्या तळाशी कापसाच्या बोंडासारख्या मऊ पांढऱ्या गोळ्यांच्या रूपात साचले. हे खनिज युलेक्साइट, म्हणजे सोडियम आणि कॅल्शियम यांचा बोरेट (बोरॉनचा क्षार). १८८१ मध्ये आरॉन आणि रोझी विंटर्स या दांपत्याने ते ओळखले. परीक्षा सोपी होती : पांढऱ्या पुडीवर गंधकाम्ल आणि अल्कोहोल घालून पेटवायचे, ज्योत हिरवी झाली तर बोरॉन आहे. त्यांचा हक्क विल्यम कोलमन या व्यापाऱ्याने २०,००० डॉलरना घेतला आणि हार्मनी बोरॅक्स वर्क्स हा कारखाना उभा केला. १८८३ ते १८८८ एवढेच त्याचे आयुष्य. तळावरचे गोळे वेचण्याचे काम चिनी मजूर दिवसाला सव्वा डॉलरच्या आसपास मजुरीवर करीत आणि त्यातूनच जेवणाखाण्याचे पैसे कापले जात.

कारखान्यातले रसायनशास्त्र मुद्दाम सांगण्यासारखे आहे. युलेक्साइट पाण्यात धुण्याच्या सोड्याबरोबर उकळले की कॅल्शियम चुनखडीच्या रूपात गाळ होऊन खाली बसते आणि वर टाकणखाराचे द्रावण उरते. उकळत्या पाण्यात टाकणखार भरपूर विरघळतो, थंड पाण्यात जेमतेम. म्हणून द्रावण टाक्यांत थंड होऊ दिले की आत टांगलेल्या लोखंडी सळयांवर त्याचे स्फटिक धरतात. आता अडचण लक्षात यावी. डेथ व्हॅलीच्या उन्हाळ्यात द्रावण पुरेसे थंडच होत नसे आणि स्फटिक धरत नसत. त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्यात काम अधिक उंचीवरील अमार्गोसाच्या कारखान्यात हलवावे लागे. ज्या उन्हाने हे खनिज साचवले तेच ते शुद्ध होऊ देत नव्हते.

आणि माल तयार झाल्यावर तो बाहेर कसा न्यायचा? रेल्वे २६५ किलोमीटर दूर मोहावे गावी होती. दोन प्रचंड लाकडी गाड्या आणि त्यांच्यामागे सुमारे साडेचार हजार लिटर पाण्याची टाकी, असा काफिला ओढायला अठरा खेचरे आणि दोन घोडे जुंपत. प्रत्येक गाडीत नऊ-दहा टन टाकणखार असे आणि मागच्या चाकांची उंची दोन मीटरहून अधिक. एका खेपेला जायला दहा दिवस लागत. घोडे धरून 'वीस खेचरांची' म्हटली जाणारी ही गाडी पुढे साबणाच्या जाहिरातीत इतकी गाजली की ती फक्त पाच-सहा वर्षेच चालली हे कोणाला खरे वाटत नाही. कोलमनचे दिवाळे निघाले, त्याचा धंदा फ्रान्सिस मॅरियन स्मिथने घेतला, आणि डोंगरात सापडलेल्या दुसऱ्या बोरेटला कोलमनच्या नावावरून कोलमनाइट म्हणू लागले. त्या खाणींसाठी १९१४ मध्ये अरुंद रूळही आले. पण मोहावे वाळवंटातच, लोहमार्गाजवळ, अधिक सोयीचा साठा मिळताच कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिकडे मुक्काम हलवला. जी दरी पाण्याला बाहेर जाऊ देत नव्हती तिने खनिजालाही सहजी बाहेर जाऊ दिले नाही; खनिज साचण्याचे आणि खाण न परवडण्याचे कारण जवळजवळ एकच होते.

सोन्याची गोष्ट अधिक रंगवून सांगितली जाते, पण ती छोटी आहे. पॅनामिंट रांगेतील स्किडू गावी १९०६ पासून १९१७ पर्यंत सोने काढले गेले. टेलिस्कोप शिखराजवळच्या झऱ्यापासून तीस-पस्तीस किलोमीटर नळ टाकून आणलेल्या पाण्याच्या जोरावर तिथली दगड कुटण्याची गिरणी चालत असे. वाळवंटातली गिरणी, आणि ती पाण्याच्या शक्तीवर! गाव नाहीसे झाले, पण त्या नळाची रेघ डोंगरउतारावर अजून दिसते. कीन वंडर खाणीत शक्तीचा प्रश्न गुरुत्वाकर्षणाने सोडवला. डोंगरावरून सुमारे दीड किलोमीटर लांब तारेचा पाळणा-मार्ग टाकला. खनिजाने भरलेले पाळणे स्वतःच्या वजनाने साडेचारशे मीटर खाली येत आणि रिकामे वर ओढत. वाइल्डरोझ येथील दहा दगडी भट्ट्या त्याहून जुन्या, १८७७ च्या. शिसे-चांदी गाळायला लागणारा कोळसा तिथे पायनॉन पाइन आणि जुनिपर या झाडांपासून पाडत, कारण खाणींजवळ जळायला पुरेसे लाकूड नव्हते. दोन-तीन वर्षांत त्याही थंडावल्या, पण आजही जवळजवळ अखंड आहेत.

ही दरी निर्मनुष्य होती असे समजण्याचे कारण नाही. टिंबिशा शोशोन लोक हिवाळ्यात तळाशी आणि उन्हाळ्यात डोंगरावर राहत, मेस्किट या काटेरी झाडाच्या शेंगा आणि पायनॉनच्या बिया खात. 'मृत्यूची दरी' हे नाव १८४९-५० च्या हिवाळ्यात वाट चुकलेल्या सोनेशोधकांनी दिले. कोळशासाठी तोडलेली पायनॉनची झाडे टिंबिशा लोकांच्या अन्नाची होती, हे भट्ट्यांचे फोटो काढताना सहसा कोणी सांगत नाही. २००० मध्ये अमेरिकी कायद्याने त्यांना दरीतील काही जमीन परत मिळाली.

उद्यानाच्या हद्दीतील शेवटची खाण २००५ मध्ये बंद झाली, पण उघडी भुयारे हजारोंच्या संख्येने उरली. त्यांतील लाकडी आधार कुजलेले असतात, हवा विषारी असू शकते आणि काही ठिकाणी वरून जमीनच खचते. तोंडे सरसकट बुजवताही येत नाहीत, कारण वटवाघळांनी तिथे वस्ती केली आहे. म्हणून अनेक ठिकाणी आडव्या सळयांची दारे बसवली आहेत, ज्यांतून वटवाघूळ जाते, माणूस जात नाही. खान्देशाच्या उन्हाची सवय आहे म्हणून कोणी जून-जुलैत तिथे जाऊ नये. नोव्हेंबर ते मार्च हे महिने योग्य. मिठाच्या पठारावर चालायला, वाइल्डरोझच्या भट्ट्यांत डोकवायला आणि हार्मनीच्या गाड्यांभोवती फिरायला परवानगी आहे, पण गंजलेला डबा किंवा खिळाही उचलून आणता येत नाही. कीन वंडर खाणीचा परिसर धोक्यामुळे २००८ मध्ये पर्यटकांना बंद केला होता. तिथली भुयारे बंदिस्त केल्यानंतर २०१७ मध्ये तो पुन्हा खुला झाला.