मेमरीचा सातबारा

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार आहे. प्रोजेक्टरची केबल लावली की लॅपटॉप जागच्या जागी थिजायचा आणि कॅप्सलॉकचा दिवा लुकलुकायला लागायचा. दुरुस्तीच्या दुकानात दोनदा ‘व्हायरस आहे’ म्हणून फॉरमॅट मारून दिला. घरी आणून केबल लावली की पुन्हा तेच.

तो लुकलुकणारा दिवा म्हणजे ‘कर्नेल पॅनिक’ची खूण. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. आपल्याच नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही असं दिसलं, की पुढे चुकीचं काही लिहिण्यापेक्षा तो काम थांबवतो. व्हायरसला तर तुमचं यंत्र चालू हवं असतं. अशा वेळी मला पहिला संशय येतो तो फर्मवेअरचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेल्या बायोस या प्रोग्रॅमचा.

संगणक सुरू होताना कर्नेलला काहीच माहीत नसतं. रॅममधली कुठली जागा आपली, हेसुद्धा त्याला बायोसकडून समजतं. बायोस त्याला एक यादी देतो. जुन्या पद्धतीत ती मागताना प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्याशा कप्प्यात, ई-८२० हा आकडा ठेवावा लागे, म्हणून यादीचं नावही तेच पडलं. मी तिला मेमरीचा सातबारा म्हणतो. अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत ‘वापरण्याजोगी’, पुढचा तुकडा ‘राखीव’. पुष्कळ यंत्रांवर यादीची पहिलीच ओळ सांगते, की सुरुवातीचे ६३९ केबी खुशाल वापरा.

अडचण अशी, की सातबारा लिहिणारा तलाठी गावातच राहतो. कर्नेल सुरू झाला की बायोस झोपी गेला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण इंटेलच्या १९९० च्या ३८६एसएल प्रोसेसरपासून ‘सिस्टीम मॅनेजमेंट मोड’ नावाची सोय आहे. झाकण मिटलं, केबल लागली, तापमान वाढलं, अशा प्रसंगी बोर्डाकडून एक खास इशारा येऊ शकतो. प्रोसेसर चालू काम जिथल्या तिथे सोडतो, फर्मवेअरचा कोड चालवतो आणि परत येतो. मधे काय झालं ते कर्नेलला कुणी सांगत नाही. त्या मधल्या वेळात फर्मवेअरने स्वतःच ‘वापरण्याजोगी’ म्हणून दिलेल्या जागेत चार बाइट लिहून टाकले, तर?

तिथे कर्नेलने पेज टेबल ठेवलेलं असू शकतं. प्रोग्रॅम वापरतो ते पत्ते खरे नसतात. खऱ्या रॅममधली जागा पेज टेबल पाहून काढावी लागते. एका तक्त्यात ८ बाइटची एक अशा ५१२ नोंदी, आणि प्रत्येक नोंद साधारण ४ केबीच्या पानाचा पत्ता सांगते. म्हणजे ४ केबीचा एक तक्ता २ एमबी मेमरीची वाट दाखवतो. एका नोंदीतला एक बिट पालटला तरी वाट भलत्याच पानावर जाऊ शकते किंवा ‘हे पान अस्तित्वातच नाही’ असं उत्तर येऊ शकतं. कर्नेल कोसळतो तो त्या पानाला हात लावेल तेव्हा, कदाचित तासाभराने. म्हणूनच गुन्हेगार सापडत नाही आणि दोष शेवटच्या प्रोग्रॅमवर येतो.

लिनक्सवाल्यांनी २००८ मध्ये यावर सापळा रचला. रॅमचे सुरुवातीचे ६४ केबी शून्यांनी भरून ठेवायचे आणि दर ६० सेकंदांनी पाहायचं, शून्याशिवाय काही दिसतंय का? दिसलं तर तिथे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. पुढे हे ६४ केबी वापरायचेच नाहीत असं ठरलं. यंत्र झोपवताना-उठवताना किंवा मॉनिटरची केबल खुपसताना काही बायोस ही जागा खराब करतात, असं कारण कर्नेलमधल्या त्या सेटिंगच्या मदतीत सरळ लिहिलेलं होतं! २०२१ मध्ये, कर्नेलच्या ५.१३ आवृत्तीत, पहिला अख्खा १ एमबीच सोडून दिला. ८ जीबीत तो ८,१९२ वा भाग. त्या बदल्यात मिळणारी शांतता मला फार मोलाची वाटते.

दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू वाहण्याबद्दल माझी तक्रार नाही, ती कृतज्ञता आहे. पण सर्व्हरच्या खोलीला लिंबू-मिरची बांधणं आणि ‘एका क्लिकमध्ये सगळे क्रॅश बंद’ म्हणणारं सॉफ्टवेअर विकत घेणं मला सारखंच वाटतं. दोन्हींत कारण शोधायचं राहून जातं.

कारण शोधायचं तर आधी वही घ्या. क्रॅश नेमका कशानंतर होतो ते लिहा. दर वेळी तोच प्रसंग असेल, तर फर्मवेअर किंवा ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम. कधीही, कुठेही आणि दर वेळी वेगळी चूक दाखवत होत असेल, तर रॅमवर संशय घ्या आणि मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. मग कर्नेलचा लॉग, म्हणजे त्याची रोजनिशी वाचा. बायोसची चूक ओळखू आली, तर लिनक्स त्या ओळीच्या सुरुवातीला ‘फर्मवेअर बग’ असंच लिहितो. क्रॅशच्या नोंदीत ‘हार्डवेअर नेम’ अशी ओळ असते. तिच्यात यंत्राचं मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि तारीख असते.

भाच्याच्या नोंदीतली तारीख तीन वर्षं जुनी निघाली. निर्मात्याच्या साईटवर नवी आवृत्ती होती आणि बदलांच्या यादीत ‘बाहेरचा डिस्प्ले जोडताना यंत्र थांबणे’ ही दुरुस्ती होती. बायोस लिहिताना मधेच वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, म्हणून बॅटरी भरून, चार्जर इन्व्हर्टरवर लावूनच अपडेट केलं. मग त्याने केबल दहा वेळा काढली, दहा वेळा लावली. दिवा लुकलुकला नाही. ती ‘हार्डवेअर नेम’ची ओळ मी छापून ठेवली आहे, दुकानदाराला नेऊन दाखवणार आहे.